बिनचेहऱ्याचा नाईक

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील रहदारी रात्री नऊच्या सुमारास किंचित ओसरते, आणि आमच्या गल्लीतील निम्म्याअधिक घरांच्या खिडक्यांतून एकदमच तुतारीचा सूर व नगाऱ्याचे ठोके बाहेर पडू लागले, म्हणजे शिवकालावरील मालिकेचा भाग सुरू झाला, हे घड्याळाकडे न पाहताही समजते. अशाच एका रात्री पडद्यावर एक फकीर शत्रूच्या छावणीत भिक्षा मागत हिंडत होता; पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याला हटकले, त्याने हात वर करून दुवा दिली, आणि शिपायाची पाठ फिरताच कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर येऊन असा स्थिरावला, की हे शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक आहेत हे ओळखण्यास घरातील कोणालाही क्षणाचा विलंब लागला नाही. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने पोळीचा घास हातातच धरून विचारले, “आजोबा, खरे बहिर्जी असेच दिसायचे का?” उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले, आणि या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर आपल्यापाशी नाही, किंबहुना ते कोणापाशीही असणे शक्य नाही, हे ध्यानात येऊन तसाच थांबलो.

शिवाजी महाराजांची समकालीन चित्रे हॉलंडमधील संग्रहांतून उपलब्ध झाली आहेत. सुरतेच्या इंग्रज वखारीतील एस्कॅलिओ नावाच्या पाद्र्याने महाराजांच्या मध्यम उंचीचे, बांधेसूद शरीराचे आणि भेदक नजरेचे वर्णन आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. बहिर्जींच्या बाबतीत असे एक चित्र नाही, एक ओळ नाही. तरीही महाराष्ट्रातील शाळकरी पोराच्या मनात आज त्यांची मूर्ती स्पष्ट उभी आहे, आणि ती मुख्यतः पडद्याने उभी केलेली आहे. श्याम बेनेगलांच्या 1988 साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘भारत एक खोज’मध्ये नसीरुद्दीन शाह महाराजांच्या भूमिकेत आले, पुढे 2008 साली नितीन चंद्रकांत देसाईंची ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका अमोल कोल्हे यांच्या मुख्य भूमिकेसह घरोघर पाहिली जाऊ लागली, त्यानंतर मालिकांची आणि चित्रपटांची रीघच लागली, आणि हेराचे पात्र हे त्यांचे एक लाडके पात्र होऊन बसले. एका खऱ्याखुऱ्या हेराला नाट्यरूप देताना काय मिळते आणि काय हातचे जाते, याचा विचार करण्यास बहिर्जींइतके उत्तम उदाहरण आपल्या भाषेत दुसरे नाही.

प्रथम कागद काय म्हणतात ते पाहिले पाहिजे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीच्या मुक्कामी 1697 च्या सुमारास जी बखर लिहिली, तिच्यात बहिरजी जाधव या नावाचा एक मोठा शहाणा माणूस जासुदांचा नाईक नेमला होता, असा उल्लेख येतो. सभासद हा महाराजांच्या पदरी वावरलेला गृहस्थ, म्हणून त्याच्या शब्दाला मोल आहे. आणि तो शब्द फार थोडका आहे. शौर्याचे वर्णन नाही, वेषांतराची हकीकत नाही, घराण्याचा पाल्हाळ नाही. ‘शहाणा’ हे एकच विशेषण लावून बखरकार पुढे जातो. मला हे विशेषण सर्व पोवाड्यांहून अधिक बोलके वाटते, कारण तलवारबहाद्दरांची वाण नसलेल्या त्या दरबारात एखाद्याची ओळख केवळ शहाणपणावरून सांगितली जावी, यातच त्याच्या कामाचे स्वरूप उघड होते.

‘जासूद’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचा अर्थ आजच्या ‘गुप्तहेर’ या शब्दाहून ऐसपैस होता. बातमी काढणारा आणि बातमी पोहोचवणारा, असे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले असत. पेशवाईच्या दफ्तरात ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. महत्त्वाचे पत्र दोघांच्या हाती देऊन रवाना करीत, म्हणजे वाटेत एकावर प्रसंग गुदरला तरी दुसरा मुक्कामास पोहोचावा. आणि त्यांच्या चालण्याची मजुरी ‘अजुरा’ या सदरात खर्ची पडे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत असे अजुऱ्याचे हिशेब लखोट्यांच्या बाजूने दडून बसलेले आहेत, आणि राज्यांची उलथापालथ करणाऱ्या बातम्या कोणाच्या तरी अनवाणी पायांनी काही ठरावीक रुपयांत कोस तोडून आणल्या होत्या, हे त्या हिशेबांतून जितके कळते तितके कोणत्याही युद्धवर्णनातून कळत नाही.

सभासदाच्या बखरीत बहिर्जींचे खरे कर्तृत्व दिसते ते सुरतेच्या प्रकरणात. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही खबर घेऊन ते महाराजांकडे आले, असे तो सांगतो. खबर एका वाक्याची आहे. परंतु त्या वाक्यामागे किती वाक्ये उभी असतील, याचा अंदाज पुढील घटनांवरून करता येतो. 1664 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चार हजार स्वारांनिशी महाराज एकाएकी सुरतेच्या बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन उभे राहिले. मोगलांचे ते पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत संपन्न बंदर. मक्केला जाणारे यात्रेकरू तेथूनच जहाजावर चढत. आणि इतक्या धनाढ्य शहराभोवती धड कोट देखील नव्हता. इनायतखान हा तेथील अंमलदार पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलीत असे, परंतु प्रत्यक्षात तेवढी माणसे त्याने कधी बाळगलीच नव्हती, आणि प्रसंग येताच तो शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होरा याची पेढी कोठे आहे, हाजी जाहिद बेगचा वाडा इंग्रजांच्या वखारीला कसा लागून आहे, कोणत्या गल्लीत कोणाची कोठारे आहेत, हे जणू हातावर लिहून आणल्याप्रमाणे मराठ्यांच्या तुकड्या चार दिवस नेमक्या ठिकाणी जात राहिल्या; आणि मोगली कुमक येत असल्याची वर्दी मिळताच 10 जानेवारीला फौज निघूनही गेली. कुमक पोहोचली ती त्यानंतर आठवडाभराने.

आता या सर्वांत हेराचे काम कोणते, ते पाहा. पगारपत्रकावर पाचशे शिपाई आणि पहाऱ्यावर मात्र मोजके, ही तफावत कोणीतरी मोजली असली पाहिजे. मोजण्यासाठी दिवसचे दिवस दरवाजाशी बसावे लागते. पाळी केव्हा बदलते, संध्याकाळी कोण घरी जातो, रात्री किती मशाली पेटतात, हे पाहावे लागते. वाटेत चार हजार घोड्यांना पाणी कोठे मिळेल, वैरण कोणत्या गावी विकत घेता येईल आणि कोणत्या गावी घेतल्यास बोभाटा होईल, याचा आडाखा बांधावा लागतो. हे काम कारकुनाच्या चिकाटीचे आहे. पडद्याला मात्र अंधारात भिंतीवरून टाकलेली उडी हवी असते, आणि मालिकेच्या वीस-बावीस मिनिटांच्या भागात दरवाजाशी बसून माणसे मोजणारा माणूस दाखवण्याइतका धीर कोणत्याही निर्मात्यापाशी नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण रोमांच तेथेच आहे, फक्त तो सावकाश चढणारा आहे.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. थेव्हेनो हा फ्रेंच प्रवासी 1666 साली सुरतेत आला, तेव्हा लुटीच्या आठवणी ताज्या होत्या. आणि त्याने ऐकून लिहिले ते असे, की शिवाजी स्वतःच फकिराच्या वेषात शहर पाहून गेला होता. दोन वर्षांच्या आत हेराचे श्रेय राजाकडे गेले होते! लोकांना नेमकेपणाचे आश्चर्य वाटत होते, त्या नेमकेपणाला कर्ता हवा होता, आणि ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही तो कर्ता त्यांना सापडणार कोठून? तेव्हा मालिकावाले इतिहासात कल्पना मिसळतात, अशी तक्रार करताना ही प्रथा सुरतेच्या बाजारात साडेतीनशे वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, हे विसरता कामा नये.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. 2019 साली नेटफ्लिक्सवर ‘द स्पाय’ नावाची सहा भागांची मालिका आली; ती एली कोहेन या इस्रायली हेराच्या चरित्रावर आधारलेली असून साशा बॅरन कोहेन याने त्याची भूमिका केली आहे. 1924 साली अलेक्झांड्रियात जन्मलेला हा मनुष्य कामिल अमीन साबेत असे अरबी नाव घेऊन ब्वेनोस आयरेसमार्गे दमास्कसला गेला, श्रीमंत व्यापारी म्हणून तेथे घर करून राहिला, सिरियन सेनाधिकाऱ्यांच्या मैफलींत वावरला, आणि बिनतारी यंत्रावरून संदेश पाठवीत असता 1965 च्या जानेवारीत पकडला गेला. त्याच वर्षी 18 मे रोजी दमास्कसच्या मरजे चौकात त्याला जाहीर फाशी देण्यात आली. त्याची छायाचित्रे आहेत, पत्नीला लिहिलेले अखेरचे पत्र आहे, खटल्याची हकीकत आहे. पटकथा लिहिणाऱ्यास हवी ती सामग्री हाताशी आहे. परंतु ही सामग्री कशामुळे उपलब्ध झाली? तो सापडला म्हणून. ब्रिटिशांच्या सिडनी रायलीचे तेच: 1983 साली त्याच्यावर गाजलेली दूरचित्रवाणी मालिका निघाली, आणि तोही 1925 साली रशियात पकडला जाऊन मारला गेलेला होता. हेराचा चेहरा इतिहासाला ठाऊक होतो तो बहुधा त्याच्या पराभवाच्या दिवशी. बहिर्जींचा चेहरा आपणास ठाऊक नाही, कारण निदान उपलब्ध कागदांपुरते तरी ते कोणाच्या हाती लागलेले दिसत नाहीत. माझ्या नातीच्या प्रश्नाला उत्तर नसणे हाच त्यांच्या नाइकीचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

मग वेषांतराचे काय? वासुदेव, गोंधळी, फकीर, कोल्हाटी अशी बहिर्जींची नाना रूपे लोकपरंपरेने सांगितली आहेत, आणि पडद्यावर तीच दिसतात. त्यांना कागदाचा आधार नसला, तरी व्यवहाराचा आधार आहे असे मला एका साध्या अनुभवावरून वाटू लागले. आमच्या गल्लीत वर्षातून दोन-तीनदा पहाटे एक वासुदेव येतो; डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, अंगात पायघोळ अंगरखा. गेल्या खेपेस त्याच्या झोळीत पसाभर तांदूळ घालताना तो सहज म्हणाला, “काका, वरच्या मजल्यावरच्या आजी यंदा खिडकीत दिसत नाहीत, अन् कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली वाटतं?” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आजी लेकीकडे राहायला गेल्या होत्या, आणि कोपऱ्यावरच्या घरचे लग्न होऊन महिनाही लोटला नव्हता. वर्षाकाठी दोन-तीनदा गल्लीतून जाणाऱ्या या माणसाने जे टिपले, ते आम्हा रोजच्या रहिवाशांपैकी कित्येकांच्या गावीही नव्हते. दारोदार फिरणारा मनुष्य दार उघडणाऱ्याकडे पाहतो आणि दार उघडणारा मात्र त्याच्या केवळ टोपीकडे पाहतो. त्या टोपीखालचे तोंड कसे होते, हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.

कौटिल्याने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी 1909 साली प्रसिद्ध केल्यामुळे जगापुढे आलेल्या त्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत कपटी विद्यार्थी, संन्यासी, गृहस्थ, व्यापारी आणि तपस्वी अशा एका जागी राहणाऱ्यांची, व शिवाय भिक्षुकी आदी फिरत्या हेरांची व्यवस्था आहे. त्यातील दोन नियम मला विलक्षण वाटतात. एक असा, की तीन निरनिराळ्या हेरांनी आणलेली बातमी एकमेकींशी जुळली तरच ती खरी मानावी. आणि दुसरा असा, की या हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये. मालिकांत बहिर्जी आपल्या साऱ्या साथीदारांना जंगलात शेकोटीभोवती जमवून मसलत सांगताना दिसतात, तेव्हा मला हा दुसरा नियम आठवतो. शेकोटीचे दृश्य सुंदर असते, हे मान्य. परंतु त्या कोंडाळ्यातील एक जरी माणूस शत्रूच्या हाती लागता तरी सारा कारखाना उघडा पडता. आणि ज्याला सभासदाने ‘शहाणा’ म्हटले त्याच्याकडून ही चूक झाली असेल, असे मानण्यास माझे मन तयार होत नाही.

ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती आमच्या विश्रांतवाडीवरूनच. त्या दिवशी सकाळपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या टोप्यांचा आणि पताकांचा जो पूर वाहतो, त्यात आपल्या ओळखीचा मनुष्य शोधू म्हटले तर डोळे शिणतात. याच रस्त्याच्या बाजूने लष्करी हद्दीच्या लांबलचक भिंती आहेत, तारांची कुंपणे आहेत, छायाचित्रे काढण्यास मनाई करणारे फलक आहेत. गुपित राखण्याची ती आजची रीत. दिंडीतील माणूस मात्र भिंतीविना अदृश्य असतो. वारीच्या गर्दीकडे पाहताना, बहिर्जींना लपण्यासाठी अंधाराची गरज खचित पडत नसेल, असे दरवर्षी माझ्या मनात येते.

पुण्याचाच आणखी एक प्रसंग पडद्याचा फार आवडता आहे, तो म्हणजे लाल महालात महाराजांनी केलेली मोगल सरदार शाहिस्तेखानाची फजिती. ‘फत्तेशिकस्त’ हा 2019 चा चित्रपट त्याच्यावरच बेतलेला आहे. 1663 च्या एप्रिलात, रमजानच्या महिन्यात, ही घटना घडली. तिचा सर्वांत रसभरित वृत्तांत दिला आहे तो मोगलांच्या बाजूच्या खाफीखानाने: लग्नाच्या वरातीचे निमित्त सांगून कोतवालाकडून दोनशे माणसांचा परवाना काढलेला, एका पोराला नवरदेव म्हणून सजवलेले, दुसरी टोळी कैदी पकडून आणल्याच्या बहाण्याने आत आलेली, आणि शेवटी स्वयंपाकघर व जनानखाना यांच्यामधील विटामातीने बुजवलेली एक खिडकी हळूच फोडलेली. या हकिकतीतील इतर सर्व गोष्टी बाजूस ठेवल्या तरी ती खिडकी मनातून जात नाही. खिडकी होती, ती बुजवली होती, आणि बुजवताना चुन्याऐवजी माती वापरली होती, हे ज्याला कळले त्याने स्वयंपाकघरात उभे राहून त्या भिंतीकडे पाहिलेले असले पाहिजे. आज लाल महाल म्हणून जी वास्तू उभी आहे ती अलीकडची. तरी शाळेच्या सहलीत मुलांना तेथे नेतात तेव्हा तलवारीच्या गोष्टीबरोबर या भिंतीची गोष्टही सांगावी, असे मला फार वाटते.

सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बाणूरगडावर, ज्याला भूपाळगड असेही म्हणतात, बहिर्जींची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे, आणि भाविक तेथे श्रद्धेने जातात. कागदांतून त्यांचे जे अखेरचे दर्शन घडते ते मात्र उत्तरेकडे, जालन्याच्या वाटेवर. 1679 च्या नोव्हेंबरात महाराजांनी जालनापूर लुटले. परतताना संगमनेरच्या बाजूस रणमस्तखानाने वाट अडवली. झुंज जुंपली, सिधोजी निंबाळकरांसारखा मोहरा कामास आला, आणि मोगलांची आणखी फौज मागून चालून येऊ लागली. लुटीने लादलेली जनावरे, थकलेली घोडी, आणि चोहोकडून आवळत येणारा फास. अशा वेळी बहिर्जी पुढे झाले आणि शत्रूची गाठ न पडता बाहेर काढीन अशी हमी त्यांनी घेतली, असे सभासद लिहितो. तीन दिवस आणि तीन रात्री, आडवाटांनी, चालून चालून त्यांनी महाराजांस सुखरूप पट्टा किल्ल्यावर आणून पोहोचवले. अकोले तालुक्यात, नाशिकच्या सीमेवर तो गड आजही उभा आहे. महाराजांनी तेथे काही दिवस विसावा घेतला म्हणून त्यास विश्रामगड हे नाव पडले. विश्रांतवाडीत राहणाऱ्याच्या कानाला हे नाव ऐकताना जरा जवळचे वाटते, एवढेच. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, 3 एप्रिल 1680 रोजी, रायगडावर महाराजांचे देहावसान झाले.

बहिर्जींवर कोणी स्वतंत्र मालिका काढणार असेल, तर माझी एक नम्र विनंती आहे. प्रत्येक भागात प्रेक्षकाला त्यांना आधी ओळखू देऊ नये. प्रसंग संपून बैलगाडी पुढे निघून गेल्यावर, अरे, तो दोर वळीत बसलेला म्हातारा तोच होता की काय, असे आमच्या मनात यावे. आणि जालन्याहून परतीचा तो प्रवास घाई न करता दाखवावा. मशाल नाही, शिंग नाही. घोड्यांच्या तोंडावर हात ठेवून चालणारी माणसे. अवघी फौज आणि साक्षात छत्रपती ज्याच्या मागून चालले आहेत असा एक मनुष्य सर्वांच्या पुढे. आणि कॅमेरा तिन्ही रात्री त्याच्या पाठीशी.

हे सारे मी नातीला, तिला समजेल अशा भाषेत, दुसऱ्या दिवशी सांगितले. तिने नीट ऐकून घेतले, आणि मग विचारले, “पण आजोबा, गडावर पोचल्यावर त्यांनी तोंड धुतलं असेल ना? तेव्हा कुणीतरी बघितलं असेल.”

बघितले असेल, मी म्हणालो. पट्ट्यावर पाण्याची टाकी पुष्कळ आहेत.